बिनगाठीची बैठक

सोलापूर
११ ऑक्टोबर १९७४

चि. दाक्षायणीस आशीर्वाद.

हे पत्र कुणी लिहिलंय ते वळख बघू. तुझा बाप सोमलिंग न्हाय, मीनाबाई मास्तरीण न्हाय. तुझ्या अज्जीनं लिहिलंय, निंगव्वानं, सोताच्या हातानं. बासष्ट वर्षांची झाले आणि आता लिहायला लागले. मठाच्या ओसरीवर दुपारी मीनाबाई वर्ग घेते. आमी अकरा बायका. माझी पंचाईत अशी की मी डोक्यात कानडी बोलते आणि पाटीवर मराठी लिहिते. मीनाबाई म्हणते, "निंगव्वा, तुमचा ण आणि न एकाच घरात नांदतात." मी म्हटलं, नांदू द्या की, भांडत तर न्हाईत. हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले, पण काय सांगू, पहिल्या दिवशी तुझं नाव लिहून झालं आणि मी कागद उचलून शेजारच्या मथुराबाईला दाखवायला गेले. ती म्हणाली, "नावच लिहिलंय की फक्त." तिला काय कळतंय.

आजवर तुला पत्र जायचं ते सोमलिंग मोहोळहून आला की. मी सांगायची, तो लिहायचा. त्याला सांगून लिहायचं म्हणजे त्याला रुचंल तेवढंच. बाकीचं माझ्यापाशीच राहायचं. तू जाऊन दीड वर्ष झालं, लई साठलंय.

आता कामाचं. मेमबाईच्या दोन खुर्च्या तुला ठाऊक हायेत. गिरणीच्या बंगल्यातल्या. मी तिथं कामाला होते ना, मेमबाई गेली तेव्हा माझ्याकडं ठेवून गेली त्या. काळपट लाकूड, हरणाच्या मागच्या पायासारखे वाकलेले पाय, आणि उचलून निघणारी बैठक, तिच्यावर लोकरीनं भरलेली फुलं. तू सहा वर्षांची असताना वरची चादर काढून बसली होतीस आणि मी तुझ्या दंडाला चिमटा घेतला होता. मी सोता बी कधी बसले न्हाय.

गेल्या सोमवारी मुंबईचा एक जुन्या सामानाचा व्यापारी आला. आमच्या गल्लीतल्या वेत विणणाऱ्यानं त्याला सांगितलं म्हणे. दाराजवळच्या खुर्चीपुढं हा मोठा माणूस गुडघ्यावर बसला आणि भिंग लावून बघायला लागला. म्हणाला, "आजी, ह्या विलायतेच्या, दोनशे वर्षांपूर्वीच्या. आणि वरचं भरतकाम मूळचं हाय. मूळचं मिळत न्हाय कुठं." मूळचं म्हणाला आणि मी उठून दुसऱ्या खुर्चीच्या आड उभी राहिले. का, ते मागनं सांगेन. भिंतीकडची दुसरी खुर्ची मी त्याला उघडू दिली न्हाय. म्हटलं तिच्यावर माझं पूजेचं हाय.

सोमलिंग म्हणतो, "अव्वा, देऊन टाक, खोली सोड आणि मोहोळला चल. एकटी किती दिवस राहणार." मी म्हटलं, माझ्या न्हाईत त्या. मेमबाई म्हणाली होती, मागवून घेईन. सव्वीस वर्षं झाली. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून मी कुटं जाऊ.

आता तू तिच्याच मुलखात हायेस. तिनं एकदा नाताळाचं कार्ड धाडलं होतं, त्याच्या पाकिटावर पत्ता हाय. मला इंग्रजी अक्षर येत न्हाय, म्हणून रांगोळी काढावी तसं बघून बघून काढलंय मागच्या बाजूला. जा आणि भेट तिला. लॉसन मेमबाई. विचार, खुर्च्यांचं काय करू.

स्वेटर घालतीस का. शेंगाचटणी संपली असंल.

तुझी अज्जी
निंगव्वा (हे बी मीच लिहिलं)

———

लीड्स
३ नोव्हेंबर १९७४

प्रिय अज्जी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी रात्रपाळी करून नर्सेसच्या होस्टेलवर परतत होते. पाकिटावरचं अक्षर ओळखलं नाही. उघडल्यावर जिन्यातच बसले. कुणाला तरी वाचून दाखवावंसं वाटलं, पण इथे मराठी समजणारं कुणी नाही. मग खोलीत जाऊन स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवलं. कानाला तुझा आवाज ऐकू आला.

इथे चार वाजता अंधार पडतो. वॉर्डातल्या म्हाताऱ्या मला "डॅफ्नी" म्हणतात, दाक्षायणी त्यांना जमत नाही. मीही आता हाकेला ओ देते.

पत्त्याचं तुझं चित्र बरोबर वाचता आलं. एकच अक्षर उलटं होतं. एल्मथॉर्प नावाचं खेडं आहे, इथून बसनं दोन तास. सुट्टी मिळाली की जाते. माझा करार मार्चमध्ये संपतो, मग मी येईनच. तोवर खुर्च्या सांभाळ.

पण "मूळचं" म्हटल्यावर दुसऱ्या खुर्चीच्या आड का उभी राहिलीस? ते लिहिलंच नाहीस.

तुझी
दाक्षायणी

ता.क. चटणी कधीच संपली. बरणी अजून धुतलेली नाही. वास येतो.

———

सोलापूर
२ डिसेंबर १९७४

चि. दाक्षायणीस आशीर्वाद.

डॅफ्नी म्हणजे काय असतं, आधी ते कळव.

त्या दुसऱ्या खुर्चीचं सांगते. लई जुनं सांगावं लागंल. मी बंगल्यावर झाडलोटीला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. बंगल्यात माणसं किती, खानसामा, माळी, दोन शिपाई. पण मेमबाईशी बोलणारं कोण न्हाय. साहेब पहिल्या भोंग्याला जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. ती व्हरांड्यात बसायची आणि रस्त्याकडं बघायची. एकदा दुपारी मी मागच्या पायरीवर बसून सोमलिंगच्या कुंचीवर मेंथी टाके घालत होते. आमच्या कसूतीतला टाका गं तो, मेथीच्या दाण्यासारखा, फुलीवर फुली. ती मागं येऊन उभी राहिली. मी घाबरून उठले. तर तिनं माझा हात धरला आणि आत नेऊन खुर्ची दाखवली. तोच टाका. तिच्या आजीच्या आजीनं भरलेला, आणि टाका आमचा. मला तर हसूच आलं. कुटं विलायत आणि कुटं आमचं अक्कलकोटाकडचं गाव.

तेव्हापासून रोज दुपारी आमी दोघी बसायचो. ती खुर्च्यांच्या उसवलेल्या कडा भरायची, मी माझं काय असंल ते. ती इंग्रजीत मोजायची, मी कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. तिला माझं मोजणं आलं, मला तिचं सातापर्यंत आलं. बारा वर्षं अशी गेली. एक भांडण मात्र रोजचं. त्या बैठका उलट्या करून बघितल्या तर मागं सगळ्या गाठीच गाठी. आमच्यात गाठ मारत न्हाईत. माझी आई म्हणायची, गाठ म्हणजे मागं लपवलेला आळस. दोरा जिथनं निघाला तिथंच परत आला पायजे, पुढचं मागचं सारखं दिसलं पायजे. मी मागची बाजू दाखवून च् च् करायची. मेमबाई तोंडावर हात ठेवून हसायची.

खुर्च्या सहा होत्या. जाताना चारच गेल्या, पेट्यात जागा न्हाय म्हणाली.

आता ऐक. तू जन्मायच्या आदी, माझी आई गेली तेव्हा मी चाळीस दिवस माहेरी होते. परत आले, भिंतीकडच्या खुर्चीवरची चादर उचलली, तर हातात पीठ आलं. वाळवी. पाय वाचले, पण बैठकीचं कापड, लोकर, फुलं, सगळं खाल्लेलं. मी दोन दिवस जेवले न्हाय. तुझे आजोबा म्हणाले, "मेम काय बघायला येतीया व्हय." पण ती मागवून घेणार होती ना.

मंग मी ती बैठक भरली. जुने स्वेटर उसवून लोकर काढली, दाराजवळच्या खुर्चीवरची फुलं मोजून मोजून उतरवली. दोन वर्षं लागली. ह्या खुर्चीवर त्यांचा कसलासा पक्षी होता, तो पार गेला होता, मला आठवंना. मी आपला पोपट घातला. शेजारी जागा उरली तिथं एक हत्ती. गोपुर लई चांगलं येतं मला, पण घातलं न्हाय, देवळावर कोण बसणार. आणि मागं गाठ मारायला हात वळंना. तेवढं एक चुकलं माझं. तिच्यासारखं करायचं तर गाठी मारायला पायजे होत्या.

तर दोनातली एक खोटी हाय. हे आजोबांशिवाय कुणाला ठाऊक न्हाय, आणि ते गेले. तू मेमबाईला हे सांग. नुसतं खुर्च्या हायेत म्हणून सांगू नको. आदी हे सांग, मंग ती म्हणंल तसं. तिनं शिव्या दिल्या तर त्या बी लिही.

मथुराबाईची म्हैस व्याली. खरवस झाला. तुझी आठवण काढली दोघींनी.

निंगव्वा

———

लीड्स
१९ जानेवारी १९७५

प्रिय अज्जी,

भेटले गं. एल्मथॉर्पच्या घरात आता दुसरेच लोक राहतात. त्यांनी सांगितलं, लॉसनबाई शहरातल्या वृद्धाश्रमात आहेत. तो माझ्या होस्टेलपासून पायी वीस मिनिटांवर निघाला. दीड वर्ष मी त्या दारावरून भाजी आणायला जात होते.

त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. नजर गेली आहे, फक्त उजेड-अंधार कळतो. त्यांना कुणी भेटायला येत नाही असं तिथल्या नर्सनं सांगितलं. मी म्हटलं, "मी निंगव्वाची नात." त्यांनी माझा हात चाचपून धरला. मग म्हणाल्या, "ओंदु, एरडु, मूरु." थेट सातापर्यंत. अज्जी, तिथे त्या बंद खोलीत कानडी आकडे ऐकले आणि मीही त्यांच्याबरोबर मोजायला लागले.

तुझं सगळं विचारलं त्यांनी. अजून भरतेस का, दात आहेत का. बरोबर नेलेल्या चारही खुर्च्या त्यांनी एकेक करून विकल्या. साहेब गेल्यावर घर चालवायला. म्हणाल्या, "माझ्या घरातलं काही शिल्लक असेल तर ते आता सोलापुरात आहे."

मी त्यांना वाळवीचं सांगितलं. त्या खूप हसल्या, अगदी मोठ्यानं, खोलीभर, आणि म्हणाल्या, काही हरकत नाही, खुर्च्या निंगव्वालाच राहू देत. तेव्हा आता मनातून काढून टाक.

इथे हॉस्पिटलात मला आणखी एक वर्ष राहा म्हणतायत. अजून काही ठरवलेलं नाही.

तुझी
दाक्षायणी

ता.क. डॅफ्नी हे इथल्या एका झुडपाचं नाव आहे म्हणे. त्याला थंडीतही फुलं येतात.

———

सोलापूर
१४ फेब्रुवारी १९७५

चि. दाक्षायणीस आशीर्वाद.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली. नंदीध्वजाच्या उंच काठ्यांची मिरवणूक बघायला मी आणि मथुराबाई पहाटेपासून उभ्या होतो. तिला पाळण्यात बसायचं होतं, ह्या वयात. बसलो. वरनं तळं दिसलं, मठ दिसला, गिरणीची चिमणी दिसली. ती ओरडत होती आणि मी हसत होते. खाली आल्यावर तिनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. मीनाबाईला दाखवलं न्हाय.

दाक्षी, मेमबाई मोठ्यानं हसत न्हाय. तिचा पुढचा एक दात आडवा हाय. त्याची तिला लाज. हसू आलं की आदी हात तोंडावर जातो. साहेब बागेतल्या हौदात पडला तेव्हा बी हात तोंडावर ठेवूनच हसली, आणि तेव्हा तिथं माझ्याशिवाय कोण न्हवतं. बारा वर्षं मी ते हसू बघितलंय. खोलीभर हसली म्हणतीस, ती कुणी दुसरी असंल.

तू तिला सांगितलं न्हाईस. माझ्या घरातलं तेवढंच शिल्लक, असं ती म्हणाली आणि तुझ्या तोंडातनं शब्द फुटला न्हाय. व्हय का न्हाय. मी रागावले न्हाय. तुझी आई अशीच होती, कुणाला दुखवू नये म्हणून दूध नासलं तरी गोड हाय म्हणायची. पण भरतकाम असू दे न्हायतर बोलणं, मागची बाजू बी बघावी लागते पोरी.

म्हणून मी एक बैठक धाडलीया. दोनातली कुठली ते लिहीत न्हाय. तिच्या हातात दे. डोळे गेले तर गेले, हात तर हायेत. तिच्यावरच्याच चादरीत गुंडाळली आणि वरनं मांजरपाट शिवला. पोस्टातला बाबू म्हणाला, "आत काय हाय, आजी?" मी म्हटलं, बसायचं. तो म्हणाला, "बसायचं विलायतेला कशाला, तितं बसायला न्हाय का?" मी म्हटलं, हाय, पण ज्यांचं त्यांना लागतं. बोटीनं जाणार, तीन महिने लागतील म्हणाला. पावतीवर सही माझी हाय. अंगठा न्हाय.

सोमलिंग लई बोलला. म्हणाला, "एक बैठक गेली, आता त्या खुर्च्या कोण घेतंय." मी त्याला तिळाची वडी दिली.

एक वर्ष म्हणतीस. ठरवलं न्हाय म्हणतीस. हे बी ठरवूनच लिहिलंयस असं वाटतं मला.

निंगव्वा

———

लीड्स
८ जून १९७५

प्रिय अज्जी,

पार्सल मे महिन्याच्या मध्यावर एका मंगळवारी आलं. मधल्या चार महिन्यांत मी तुला एकही पत्र लिहिलं नाही, कारण तू पकडलेली चोरी खरी होती. सांगितलं नव्हतं मी. जीभ उचलली नाही. आता जसं झालं तसं लिहिते, काही घालत नाही आणि काही काढत नाही.

त्याच आठवड्यात रविवारी दुपारी घेऊन गेले. शिवण मी तिथेच उसवली, त्यांच्यासमोर. चादर निघाल्याबरोबर त्यांनी ती नाकाशी नेली. बराच वेळ. आपल्या घराचा वास होता तिला, धुराचा आणि कापराचा. मग मी बैठक मांडीवर ठेवली. त्यांनी वरून हात फिरवला. फुलं मोजली, ओठ हलत होते. एका जागी बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा आलं. मला तिथे पोपट दिसत होता, म्हणजे मला आधीच कळलं होतं तू कुठली पाठवलीस.

मग त्यांनी बैठक उलटी केली. मागून हात फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. पुन्हा सुलटी. पुन्हा उलटी. आणि अज्जी, त्यांचा हात तोंडावर गेला.

म्हणाल्या, "ह्याला गाठ नाही. एकसुद्धा नाही. ही माझ्या आजीच्या आजीची नव्हे, ही निंगव्वाची आहे."

मी वाळवीचं सगळं सांगितलं. तुझ्या आईचं जाणं, ते चाळीस दिवस, उसवलेले स्वेटर, हत्ती. गोपुर का घातलं नाहीस तेही. त्या ऐकत होत्या आणि बोट हत्तीवर होतं. मग म्हणाल्या, "आता माझी मागची बाजू ऐक. पेट्यांत जागा होती. सहाही खुर्च्या मावल्या असत्या. दोन मी मुद्दाम ठेवल्या. काही मागवून घ्यायचं राहिलं की पत्र लिहावं लागतं. मला तिला लिहायचं होतं."

मी विचारलं, मग लिहिलं का नाही?

"लिहायला बसले. पण तिला वाचता येत नव्हतं. कुणी तरी तिला वाचून दाखवणार. त्या कुणासमोर मी काय लिहू? बाकी सगळं खोडलं आणि नाताळाचं कार्ड पाठवलं."

निघताना मी बैठक उचलायला गेले तर त्यांनी ती सोडली नाही. म्हणाल्या, ही माझ्याकडे राहू दे, आणि गाठीवाली तिच्याकडे. तिला म्हणावं, रोज त्या गाठी बघून च् च् कर.

मी आता दर रविवारी जाते. बैठक त्यांच्या मांडीवर असते.

आणखी एक. मी दोन वर्षांसाठी सही केली. एक नाही, दोन. तू म्हणालीस ते खरं, तेव्हाच ठरलं होतं. बाबा मोहोळला नवीन दुकान टाकतायत, त्याला हातभार लागेल, हे एक कारण. दुसरं कारण मला नीट लिहिता येत नाही. इथे कुणी माझं नाही, आणि तरी परत आले की मी कोण असेन, ते कळत नाही.

दाक्षायणी

———

सोलापूर
६ जुलै १९७५

चि. दाक्षायणीस आशीर्वाद.

पेट्यात जागा होती. मी हे वाक्य मठात सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. त्यांना काय कळलं न्हाय, पण मी दोनदा वाचलं. सव्वीस वर्षं मी त्या चादरीला धूळ बसू दिली न्हाय, चोरासारखी जगले, आणि ती तिकडं, पेट्यात जागा होती हे मनात ठेवून गप्प. आमी दोघी बी खुळ्याच.

तो मुंबईचा व्यापारी परत आला होता. आता मी दोन्ही खुर्च्या उघडून दाखवल्या. एकीची नुसती चौकट बघून त्याचा चेहरा पडला. "आजी, हिच्यावरचं भरतकाम कुटं गेलं?" मी म्हटलं, तुमच्यापेक्षा पारखी माणूस भेटलं, तितं गेलं. दुसरी मागितली. ती आता माझी हाय म्हटलं, देणार न्हाय. माझी हाय असं पहिल्यांदाच म्हटलं, तर जीभ अडखळली.

खालचं मेमबाईला वाचून दाखव. तू वाचणारीस म्हणून मी काय कमी लिहिणार न्हाय, तू ऐकलंस तर ऐकलंस.

मेमबाई, मी निंगव्वा. आता मला वाचता येतं. तुमी लिहा. खोडलेलं बी लिहा. तुमी गेल्यावर बंगल्यात पाच साहेब आले, व्हरांड्यात कोण बसलं न्हाय. तुमच्या पक्ष्याच्या जागी मी पोपट घातला, तुमचा पक्षी कसा होता ते कळवा. दुपार झाली की मी अजून मोजते. सातानंतर तुमचं काय येतं ते तुमी शिकवलं न्हाईत.

दाक्षी, तुझ्या सहीचं मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, मला मराठी नीट आलेलं न्हाय. मंग मीनाबाईला फक्त ते वाक्य दाखवलं, बाकीचं हातानं झाकून. ती म्हणाली, "व्हय निंगव्वा, दोन वर्षंच लिहिलंय." तू कोण असशील विचारतीस. हितं तुला कुणी झुडपाच्या नावानं हाक मारत न्हाय एवढं मला ठाऊक हाय.

जेवतीस का. खरं लिही.

निंगव्वा

———

लीड्स
७ डिसेंबर १९७५

प्रिय अज्जी,

लॉसनबाई गेल्या. सत्तावीस नोव्हेंबरला, दुपारी. थंडी वाजून ताप आला, तीन दिवस होत्या. मी शेवटी पोचले तेव्हा हात अजून कोमट होता.

तुझं पत्र मी त्यांना जुलैत वाचून दाखवलं होतं, आणि मग जवळजवळ दर रविवारी. त्यांना ते पाठ झालं होतं, तरी "वाच" म्हणायच्या. तुला लिहायचं म्हणून मला कागद घेऊन बसवायच्या. पाच-सहा वेळा बसले. "लिही, प्रिय निंगव्वा." मी लिहायचे. मग त्या विचार करायच्या, आणि म्हणायच्या, "आज नको, नीट आठवून लिहू." शेवटच्या खेपेचा कागद सोबत पाठवते आहे. त्यावर एवढंच आहे: "प्रिय निंगव्वा, दुपारचे तीन वाजले आहेत. तुझ्या पोपटाच्या जागी साधी चिमणी होती. सातानंतर आठ, त्याला एट म्हणतात." मग त्यांना झोप लागली.

दफनाला आम्ही चौघं होतो. मी, पाद्री, आश्रमातली नर्स आणि एक वकील. नर्सनं विचारलं, ही बैठक कुणाला द्यायची? त्यांचं कुणी नव्हतं. मी तुला विचारायला हवं होतं, पण पत्र जाऊन येईपर्यंत कोण थांबणार. ती मी त्यांच्या सोबतच दिली, उशाखाली, पोपट वरच्या बाजूला. चुकलं असेल तर रागव.

आता रविवारी कुठे जायचं नसतं. मी तरी त्या वाटेनं जाऊन येते.

दाक्षायणी

———

सोलापूर
१८ जानेवारी १९७६

चि. दाक्षायणीस आशीर्वाद.

तुझं पत्र संक्रांतीच्या दिवशी आलं. तिळगूळ वाटायला निघाले होते, ताट तसंच ठेवलं. मथुराबाई आली, तिला सांगितलं, माझी मैत्रीण गेली. ती म्हणाली, "कोण गं?" मी म्हटलं, तू वळखत न्हाईस. ती जवळ बसून राहिली. अशा वेळी ती बरी असते.

पोपट वरच्या बाजूला ठेवलास ते बरं केलंस. मी असते तर मी बी तेच केलं असतं. दोन वर्षं भरलेलं आता कुणी बघणार न्हाय, पण मागची बाजू स्वच्छ हाय, मला त्याची काळजी न्हाय.

एट. मी पाटीवर लिहून ठेवलंय.

सोमलिंग मोहोळला न्यायला आला होता. म्हणाला, "आता तर मालकीण बी राहिली न्हाय, अव्वा. आता काय राखतीस?" त्याचं बरोबर हाय. चहा करून दिला. तो गेल्यावर मी दाराजवळच्या खुर्चीवरची चादर काढली, घडी घातली, आणि बसले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. गाठी खालनं टोचत असतील असं वाटलं होतं, तसं काय न्हाय. चांगली हाय. पाय मात्र जमिनीला टेकत न्हाईत माझे, मेमबाई उंच होती. समोर ती दुसरी, नुसती चौकट. तिच्यातनं पलीकडची भिंत दिसते.

मंग मी तिची बैठक भरायला घेतली. मोतीबिंदू हाय, मेंथी आता जमत न्हाय, दाणे दिसत न्हाईत. साधी गवंती घातली. तुला ती मी शिकवलीया, बाहुलीच्या पोलक्यावर, आठवत असंल. जाताना एक टाका पडतो, पुढची जागा मोकळी राहते, परत टाका, परत मोकळी. शेवटापर्यंत असंच जायचं. तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, हे काय अर्धवट. मंग सुई वळवायची आणि त्याच वाटेनं परत यायचं, मोकळ्या जागा भरत. तेव्हा रेघ पुरी होते. गाठ लागत न्हाय.

चिमणी काढलीया. मेमबाईची. बाजूला हत्ती, तो तिला आवडला होता म्हणून.

जायचे सगळे टाके मी घातलेत. यायचे घातले न्हाईत. घालता आले असते, तेवढं अजून दिसतंय मला. पण ठेवलेत. दोरा सुईतच हाय, सुई शेवटच्या टाक्याला टोचून ठेवलीया, चौकटीवर. आलीस की तिथनंच धर.

घाई न्हाय. तुझी सही पुढच्या वर्षी मार्चमध्ये संपते, मी भिंतीवर लिहून ठेवलंय. तोवर सुई गंजू नये म्हणून दर सोमवारी तिला तेलाचं बोट लावते.

अज्जी